पानाच्या तळाची रेघ

१

हे लिहायचं नव्हतं. कोणाला हौस आहे? शाळा चौथीत सुटली त्याला साठ वर्षं झाली, आणि आता विहीणबाई म्हणतात, झालं ते कागदावर उतरवा, तोंडी सांगताना तुम्ही गाडी भलतीकडे नेता. नेतो. माझी गाडी आहे, कुठेही नेईन. पण चार दिवस राहायला आलेली ही बाई दुसऱ्याच सकाळी पिशवी भरून निघाली. कारण विचारलं तर म्हणते, "तुम्ही लिहा, म्हणजे मला कळेल मी का चालले ते." यावर काय बोलणार, कपाळ! म्हणून लिहितो. मात्र 'मी केलं, मी पाहिलं' असं लिहायला लागलं की माणूस दर ओळीला थोडा थोडा शहाणा होत जातो. म्हणून या गोष्टीत जो आहे त्याला मी नुसतं म्हातारा म्हणणार. जसा आहे तसा दिसू दे.

म्हाताऱ्याने अडतीस वर्षं कारखान्याचा बॉयलर सांभाळला. दर तासाला वाफेचा दाब बघायचा, पाण्याची पातळी बघायची आणि लॉगबुकात लिहायची. काट्यावर विश्वास ठेवायचा, पण कान उघडे ठेवून. शेजारच्या पाळीचे लोक चहाला बसून तीन-तीन तासांचे आकडे आधीच लिहून ठेवत. म्हाताऱ्याने एकदाही खोटा आकडा लिहिला नाही. ही एकच गोष्ट त्याच्या पदरात आहे, बाकी सगळं शून्य.

बायको गेली. मुलगा जहाजावर, नऊ-नऊ महिने समुद्रात. घरात म्हातारा आणि सून. घर म्हणजे सुनेच्या नोकरीबरोबर मिळालेल्या ऑफिसच्या वसाहतीतल्या दोन खोल्या. नोकरी सहा महिन्यांच्या बोलीवर होती. काम पसंत पडलं तर कायम, नाहीतर खोल्यांच्या किल्ल्या परत. सहा महिने त्या शनिवारी भरत होते.

सुनेचं ऑफिस परक्या भाषेतले प्रोग्रॅम आपल्या भाषेत बोलते करतं आणि ते कसे वापरायचे त्याच्या पुस्तिका काढतं. सुनेच्या वाट्याला आला होता नोंदी ठेवणारा एक प्रोग्रॅम. तो मशीनमध्ये पडद्याआड बसून राहतो. दुसरे प्रोग्रॅम त्याला जे जे कळवतात, अमका चालू झाला, तमका बंद पडला, ते तो वेळ घालून एका फाइलीत उतरवतो. ऑफिसात त्याला सगळे 'नोंद्या' म्हणत. त्याला चालू करताना नावापुढे आडवी रेघ आणि एक अक्षर टाइप केलं की त्याची तऱ्हा बदलते. एका अक्षराने तो दुसऱ्या मशीनचंही ऐकायला लागतो, दुसऱ्याने वेगळ्या फाइलीत लिहितो. अशी चौदा अक्षरं. चौदा अक्षरांचे चौदा परिच्छेद, ही सुनेची पुस्तिका.

"म्हणजे लॉगबुक लिहिणारा कामगारच की," म्हातारा म्हणाला होता.

"हो बाबा. फक्त हा चहाला जात नाही."

"आणि काहीच घडलं नाही तर?"

"त्याला एम अक्षर आहे. दर वीस मिनिटांनी नुसती एक खूण टाकतो, मी जागा आहे म्हणून."

हे म्हाताऱ्याला फार पटलं. 'सर्व ठीक' हीसुद्धा नोंदच असते. ती लिहिण्यात ज्याने कसूर केली त्याचा बॉयलर एक दिवस फुटतो.

२

त्या ऑफिसात एक पद्धत आहे, तिला आंधळी फेरी म्हणतात. पुस्तिका छापण्याआधी ती अशा माणसाच्या हातात द्यायची ज्याला त्या कामातलं ओ की ठो कळत नाही. त्याने कागदावर जे आहे तेवढंच करायचं. कमी नाही, जास्त नाही. विचारायचं नाही, लिहिणाऱ्याने सांगायचं नाही. काय दिसलं ते त्याने स्वतःच्या हाताने शाईने तक्त्यावर लिहायचं. तक्त्याला नंबर असतो, तो फाडता येत नाही. तक्त्यातल्या प्रत्येक ओळीचं उत्तर पुस्तिकेत असलंच पाहिजे, नाहीतर पुस्तिका नापास. ऑफिसातले सगळे आंधळे वापरून संपले होते. सून म्हणाली, "बाबा, तुम्ही याल का?" म्हातारा म्हणाला, "आंधळा म्हणून नेतेस की अडाणी म्हणून?" ती म्हणाली, "दोन्ही म्हणून." अशी होती ती तेव्हा. जिभेला धार, पण मनात काही नाही.

चाचणीची खोली पूर्वी सामानाची कोठी होती. खिडकी नाही, दार एकच. दार जड, वरच्या दांडीमुळे आपोआप लागणारं. जमीन पोकळ. खालून वायरी जाव्यात म्हणून चौकोनी फरशा टेकूंवर बसवलेल्या. त्यातल्या काही सैल, पाय पडला की ठप वाजायच्या. एक टेबल, चाकांच्या दोन खुर्च्या आणि एक मशीन. मशीनची बाहेर जाणारी वायर काढून ठेवलेली, म्हणजे दुसरीकडून कोणी त्यात काही घालू शकत नाही. दाराची किल्ली म्हाताऱ्याकडे.

बुधवारी अकराला फेरी सुरू झाली. सून मागच्या खुर्चीवर तोंडाला कुलूप लावून. म्हातारा एका बोटाने टाइप करत होता, कोंबडी दाणे टिपते तसा. पाचव्या पानाच्या तळाशी आला. तिथे नोंद्याचं नाव होतं, मग जागा सोडून आडवी रेघ, आणि पान संपलं. म्हाताऱ्याने नाव टाइप केलं, रेघ टाइप केली आणि बटण दाबलं. कागदावर जेवढं होतं तेवढंच.

मशीनने तक्रार केली नाही. नोंद्या चालू झाला. अकरा वीसला फाइलीत ओळ आली:

आत दोन.

म्हाताऱ्याने ती तक्त्यावर उतरवली. थोड्या वेळाने सुनेला मोठ्या बाईंनी बोलावलं, त्या तिच्या वरच्या. ती गेली. अकरा चाळीसला ओळ आली: आत एक. ती परत आली. बाराला: आत दोन.

म्हाताऱ्याला मनातून नोंद्या आवडला. सरळ काम. किती माणसं आहेत ते मोजायचं आणि लिहायचं.

जेवायच्या सुट्टीआधी तक्ता सुनेच्या हातात पडला. तिने वाचला, पुस्तिका उलटली आणि कपाळावर हात मारला.

"अहो बाबा, एम पुढच्या पानावर आहे! रेघ या पानावर राहिली आणि अक्षर तिकडे गेलं. तुम्ही नुसती रेघच दिलीत त्याला!"

"नियम तुमचा. कागदावर आहे तेवढंच."

"नुसत्या रेघेवर तो चालूच व्हायला नको. 'असा पर्याय नाही' म्हणून ओरडायला हवा." आणि मग ती हळू बोलली. "शिवाय हे शब्द माझे नाहीत. त्याचे एकेचाळीस संदेश आहेत, एकूण एक मी मराठीत आणलेत. 'आत' असा संदेशच नाही."

"मग आधीच्या कोणी घातला असेल गंमत म्हणून."

"असेल." तिने खोलीभर नजर फिरवली. "मोजतोय मात्र बरोबर."

३

खोलीला कुलूप लावून दोघं जेवायला गेली. किल्ली म्हाताऱ्याच्या खिशात, खिशावर हात. एक पन्नासला परतली. एकला, एक वीसला आणि एक चाळीसला, तीन ओळी होत्या. तिन्ही सारख्या.

आत एक.

म्हाताऱ्याने बोटांवर हिशेब मांडला. मशीन स्वतःला धरत असेल? मग दोघं होतो तेव्हा तीन यायला हवं होतं. दोघं असताना दोन. एकटा असताना एक. आणि कोणी नसताना एक. म्हणजे आपण गेलो की एक जण येतो आणि आपण आलो की जातो. दार एकच आहे. मग जातो कुठून?

सून हसली. "बाबा, त्याला शून्य येत नसेल. कमीत कमी एक धरायचा असं कोणीतरी लिहून ठेवलेलं असतं. ही चूक फार जुनी आहे, मी दहादा पाहिलीय."

म्हाताऱ्याच्या जिवात जीव आला. शिकलेल्या माणसांचा एवढा एक उपयोग असतो.

सून तिच्या टेबलावर गेली. म्हातारा उरलेली पानं करत बसला, नोंद्या तसाच चालू ठेवून. दोन वीसला: आत एक. बरोबर. नंतर पाठीमागे एक फरशी वाजली. ठप. एकदाच. म्हातारा म्हणाला, "आलीस?" उत्तर नाही. फरशी गरम झाली की वाजते, पत्राही वाजतो, बॉयलरचं कवच तर रात्रंदिवस वाजतं. मागे वळून बघायचं काही कारण नव्हतं. त्याने बघितलं नाही.

दोन चाळीसला ओळ आली.

आत दोन.

आता तो वळला. दार बंद. खोलीत तो एकटा. दुसरी खुर्ची टेबलाखाली सरकवलेली होती असं त्याला वाटत होतं. ती बाहेर होती, त्याच्यापासून दीड हातावर. सुनेने उठताना ओढली असेल. ओढली असेलच. पण जेवून आल्यावर ती बसली होती का? उभीच होती की बसली होती? म्हाताऱ्याला आठवेना. तासापूर्वीची गोष्ट आणि आठवेना.

तक्ता समोर होता. त्याने लिहिलं: 'दोन चाळीस. मी एकटा. आत दोन.' शाईने.

४

गुरुवारी सकाळी मोठ्या बाई तक्ता घेऊन आल्या. बाई वाईट नाहीत. मुद्द्याचं बोलतात, म्हणून लोक घाबरतात.

"काका, हे तुम्ही लिहिलंत?"

"अक्षर इतकं वाईट दुसऱ्या कोणाचं असणार?"

बाई हसल्या नाहीत. सुनेकडे वळल्या. "नोंदींच्या फाइलीत हाताने ओळ घालता येते. साधी आज्ञा आहे, तुझ्याच पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर दिलेली. मशीनला बाहेरची वायर नाही. खोलीत कोण होतं?"

सुनेने म्हाताऱ्याकडे पाहिलं.

"उद्या दुपारी बैठक आहे. तक्त्यावरच्या या ओळींचं उत्तर आण. प्रोग्रॅम हे करतो असं म्हणालीस तर कसं करतो ते दाखव. कोणी केलं असेल तर तसं सांग. फेरी रद्द करून नवा तक्ता देईन. दोन्ही नसेल तर पुस्तिका नापास, आणि शनिवारी काय आहे ते मी तुला सांगायला नको."

बाई गेल्यावर सून खालच्या आवाजात म्हणाली, "बाबा, खरं सांगा. तुम्ही बोटं घातलीत?"

"शेवटचं पान तोवर माझ्या हातात आलेलं नव्हतं."

"एवढंच विचारतेय. चुकून?"

"अडतीस वर्षं..."

"माहीत आहे हो! अडतीस वर्षं, अडतीस वर्षं! इथे माझे सहा महिने पाण्यात चाललेत. तो जहाजावरून उतरेल तेव्हा आपण कुठल्या पत्त्यावर असणार?" मग तिचं तिलाच ओशाळं वाटलं. "तीनला मी स्वतः आत बसते. एकटी. तुम्ही बाहेर दारापाशी बसा, कोणाला आत सोडू नका. वीस मिनिटं. 'आत एक' आलं की संपलं."

"आणि दोन आलं तर?"

"येणार नाही," ती म्हणाली.

५

तीनला सून आत गेली. म्हाताऱ्याने बोळात स्टूल टाकलं, दाराला पाठ लावून. बोळात लख्ख उजेड. समोरच्या खोलीत कोणीतरी फोनवर हसत होतं. मांजर जरी आलं असतं तरी दिसलं असतं.

म्हाताऱ्याचे डोळे अधू झाले आहेत, कान नाहीत. दारातून त्याला पंख्याची घरघर ऐकू येत होती. सुनेच्या खुर्चीची कुरकुर ऐकू येत होती. ती अंग हलवते तेव्हा एकच कुरकुर होते, त्याला ठाऊक झालं होतं. दहा मिनिटं गेली. मग फरशी वाजली. ठप. जरा थांबून दुसरी. ठप.

"फिरतेस का गं?"

"नाही बाबा. बसलेय." आवाज टेबलापासून आला. खुर्चीची कुरकुर झाली, तीही तिथूनच.

ठप. ही तिसरी दाराच्या जवळची, सैल फरशी. आत जाताना पहिला पाय तिच्यावरच पडतो. म्हणजे दारापलीकडे दोन हातांवर. म्हाताऱ्याने पाठ दारापासून सोडवली आणि स्टूल पुढे ओढलं. मनात म्हणाला, वायरी आहेत खाली, गार हवा खेळते, लोखंड आकसतं. सगळं म्हणून झालं. लोखंड एका ओळीत आकसत नाही, हेही मनात आलं. चाकं फिरल्याचा आवाज झाला, एका खुर्चीचा. कोणत्या, ते सांगता येणार नाही. सांगितलं तर खोटं होईल.

तीन वीस झाले. आत काहीच आवाज नाही. म्हातारा हाक मारणार इतक्यात दार उघडलं.

सून बाहेर आली. नीट आली, धावत नाही, रडत नाही. एक पाऊल बोळात टाकलं आणि थांबली. हात मागे करून तिने दार धरून ठेवलं. आपल्या मागून कोणी येत असेल तर आपण धरतो ना, त्याच्या अंगावर लागू नये म्हणून, तसं. तोंड बोळाकडे, हात मागे. तेवढा वेळ धरलं जेवढा एका माणसाला बाहेर यायला लागतो. मग सोडलं. दार लागलं.

म्हाताऱ्याला दार आणि तिच्यामधली रिकामी जागा दिसली. आणि तिच्या दंडावरची बाही जराशी दबली आणि पुन्हा फुगली. हे त्याने पाहिलं. पंख्याचा वारा म्हणावा तर दार लागलेलं होतं.

"काय आलं?" त्याने विचारलं.

"एक," ती म्हणाली. "आत एक. बरोबर आलं."

ती बोळातून गेली, भिंतीच्या कडेने. बोळ रुंद आहे, तीन माणसं सहज जातात.

म्हातारा आत शिरला. नोंद्या चालूच होता. फाइल समोर होती. तीन वीसची ओळ: आत दोन. तो तिथेच बसून राहिला. तीन चाळीस: आत एक. हा तो स्वतः. मग बाहेर आला, कुलूप लावलं, स्टुलावर बसला आणि चार वाजून पाच मिनिटांनी पुन्हा उघडलं. चारची ओळ होती:

आत कोणी नाही.

म्हणजे त्याला शून्य येत होतं. पहिल्यापासून येत होतं. आधी ते नव्हतं, एवढंच.

६

शुक्रवारी सकाळी म्हाताऱ्याने बघितलं तर फाइल पुसलेली. पाचवं पान नवं छापलेलं, रेघ आणि एम शेजारी शेजारी. त्याने सुनेकडे पाहिलं. तिने पाहिलं नाही.

दुपारी बैठकीत आठ माणसं होती. मोठ्या बाईंनी विचारलं, "तू एकटी बसलीस तेव्हा काय आलं?"

"एक," सून म्हणाली. "मोजणी वगैरे तो काही करत नाही, बाई. ओळी हाताने घातलेल्या असाव्यात."

"कोणी?"

सून नखं बघत बसली. कोणीतरी खाकरलं. ती नाव घेणार नव्हती आणि ती नाकारणारही नव्हती, हे म्हाताऱ्याला कळलं. तिच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. खोलीत जागा कमी होती, दोघं भिंतीला टेकून उभे होते, तरी त्या खुर्चीवर कोणी बसलं नव्हतं. का, ते त्यांना विचारलं असतं तर त्यांनाही सांगता आलं नसतं.

म्हाताऱ्याला मुलगा दिसला, बॅग घेऊन वसाहतीच्या फाटकात उभा, आणि दार दुसऱ्याच कोणाचं.

"मी घातल्या," म्हातारा म्हणाला.

"का काका?"

"कंटाळा आला म्हणून."

लोक हसले. एक जण म्हणाला, "या वयात!" मोठ्या बाईंनी तक्त्यावर तांबड्या शाईने आडवं लिहिलं: 'वाचकाने खोट्या नोंदी केल्या. फेरी रद्द.' आणि म्हाताऱ्याची सही घेतली. त्याने केली. अडतीस वर्षांच्या सगळ्या वह्या एका बाजूला, ही एक सही दुसऱ्या बाजूला.

नव्या तक्त्यावर पुस्तिका पास झाली आणि सून शनिवारी कायम झाली.

७

खोल्या राहिल्या. मुलाला फोनवर सुनेने सांगितलं की बाबांचं आता वय झालंय, कुठेही हात घालतात. म्हातारा शेजारच्या खोलीत होता. तिला ते माहीत होतं.

ती बदलली असं म्हणता येत नाही. स्वयंपाक करते, ऑफिसला जाते. फक्त बाकावर बसते ती एका कडेला, अर्धा बाक सोडून. आणि घरी आली की दार लगेच लावत नाही. हात मागे ठेवून उभी राहते. म्हाताऱ्याने एकदा म्हटलं, "लाव की दार, डास येतात." तिने दचकून हाताकडे पाहिलं, हात दुसऱ्याचा असावा तसं. विहीणबाई आल्या तेव्हा एक रात्र लेकीच्या शेजारी झोपल्या, आणि सकाळी पिशवी भरायला लागल्या.

एका संध्याकाळी दोघं भाजी निवडत होती. म्हाताऱ्याने धीर करून विचारलं, "त्या दिवशी आत काय होतं?"

तिने बराच वेळ एकच पान हातात फिरवलं.

"मी ओळ वाचली, बाबा. मग खुर्ची माझ्या खुर्चीला येऊन लागली. हळूच. मी स्क्रीनकडेच बघत राहिले. मागे वळून पाहिलं नाही. उठले तेव्हाही नाही. अजूनही नाही."

"अजूनही म्हणजे?"

ती भाजी घेऊन आत गेली. दाराशी थांबली, मग गेली.

म्हातारा पाटावर एकटा बसला होता. एकटाच, असं धरून चालू. राग त्याला भुताखेताचा नाही. जे काय आहे ते आहे, ते कोणाला खोटं बोललं नाही, उलट प्रत्येक वेळी खरा आकडा दिला. राग याचा आहे की ओळ तिने वाचली होती. बैठकीत बसली तेव्हा तिला ठाऊक होतं म्हातारा खरा आहे. तिने एक शब्द बोलायचा होता, तिथे नाही तर घरी, भाजी निवडताना, दाराआडून, कसाही. त्या तक्त्यावर आजही तांबड्या शाईत म्हाताऱ्याच्या नावापुढे 'खोट्या नोंदी' असं आहे आणि खाली त्याची सही आहे. मोठ्या बाईंकडून त्याला काही नको, त्यांना जे सांगितलं ते त्यांनी लिहिलं. माफी मागायची आहे ती त्याच्या सुनेने.